एकाच गल्लीतले दोन घरमालक

मुंबईत गिरगाव, दादर, लालबाग या भागांतल्या जुन्या चाळींतून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दृश्य अजूनही पाहायला मिळते. काखेत पावतीपुस्तक धरून घरमालकाचा मेहताजी लाकडी जिना जपून चढतो, एकेका दारावर थाप मारतो आणि भाडे घेऊन पावती फाडतो. पावतीवरचा आकडा पाहिला तर नवख्या माणसाला छपाईची चूक वाटावी. दोन खोल्यांचे भाडे दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे रुपये!

त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवी उंच इमारत उभी आहे. तिथला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घ्यायचा, तर महिन्याला साठ-सत्तर हजार मोजावे लागतात. शिवाय काही लाखांचे डिपॉझिट. पाणी तेच, रस्ता तोच, पलीकडची भाजीवालीही तीच. मग हा फरक कशाचा?

फरक कायद्याचा आहे. तोही दोन वेगळ्या कायद्यांचा नव्हे, तर एकाच कायद्यातल्या दोन कप्प्यांचा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ लागू आहे. या कायद्याने जुन्या घरमालकाला जेमतेम श्वास घेण्यापुरती फट ठेवली, नव्या घरमालकाला मात्र चांगले कुलूप-किल्ली दिली. दोघांनाही आपण ‘घरमालक’च म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. आयुष्यभराची पुंजी घरात गुंतवणाऱ्याला तर हा गोंधळ फार महागात पडू शकतो.

युद्धकाळातले भाडे

भाड्यावर नियंत्रण आले ते महायुद्धांमुळे. मुंबईत १९१८ मध्येच पहिला भाडे निर्बंध कायदा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसांची रीघ लागली, जागा अपुऱ्या पडल्या आणि घरमालक मागतील ते भाडे द्यायची पाळी आली. पुढे फाळणीचे निर्वासित आले. त्या काळात सरकारने हस्तक्षेप केला नसता, तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती, हे मान्य करावेच लागेल. ‘मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७’ हा त्याच गरजेतून आला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ मानले गेले.

खरे तर ही तात्पुरती सोय होती. कायद्याला मुदत होती. पण मुदत संपत आली की ती वाढवायची, असे पन्नास वर्षे चालले. दरम्यान सोन्याचा भाव कुठून कुठे गेला, गवंड्याची मजुरी वाढली, सिमेंट वाढले, पालिकेचे कर वाढले, आणि भाडे १९४० सालीच थांबून राहिले. मालकाने दुरुस्ती बंद केली. छत गळू लागले, जिने डुगडुगू लागले, तुळयांना वाळवी लागली. राज्य सरकारला १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ काढून त्यासाठी उपकर बसवावा लागला. तेव्हा मुंबई बेटावर अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती.

अखेर घरमालकांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितले, की प्रमाण भाड्याची ही कलमे एके काळी योग्य होती, पण काळ लोटल्यामुळे ती अवाजवी झाली आहेत. तरीही ती कलमे न्यायालयाने लगेच रद्द केली नाहीत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. न्यायालयाने तेवढी वाट पाहिली.

पाच टक्के, मग चार टक्के

घरमालकांच्या आशा उंचावल्या होत्या. प्रत्यक्षात १९९९ च्या कायद्याने जुन्या भाड्यात सुरुवातीला पाच टक्के आणि त्यानंतर दरवर्षी चार टक्के वाढ दिली. ऐकायला हे बरे वाटते. आता हिशेब करून पाहू. कायदा आला तेव्हा एखाद्या खोलीचे भाडे शंभर रुपये होते, असे समजा. पाच टक्क्यांनी ते एकशे पाच झाले. पुढे दरवर्षी चार टक्के चक्रवाढीने धरले, तरी पंचवीस वर्षांनी ते दोनशे ऐंशी रुपयांवर येते. चाळीत वीस खोल्या असतील, तर मालकाच्या हाती महिन्याला पाच हजार सहाशे. एवढ्यात मेहताजीचा पगार तरी भागेल का?

दुरुस्तीचा भाग याहून चमत्कारिक आहे. घर राहण्याजोगे ठेवणे ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मालकाने ती पाळली नाही, तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच! दोनशे ऐंशी रुपये भाड्याच्या खोलीत ही रक्कम वर्षाला आठशे चाळीस रुपये होते. एवढ्यात मोरीची एक फरशी बदलून झाली तरी नशीब. म्हणजे मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला ती वसूल करता येत नाही.

याचा अर्थ भाडेकरू मजेत आहे, असा मात्र नाही. चाळीतल्या कितीतरी कुटुंबांनी त्या काळी दागिने मोडून पागडी भरली होती. संडासची टाकी, जिन्याचे कठडे, पावसाळ्यापूर्वीची कौले हे सारे वर्गणी काढून तेच करत आले. त्यांच्या मते जागेचे पैसे त्यांनी कधीच चुकते केले आहेत. आणि पडक्या इमारतीत जीव टांगणीला लागतो तो त्यांचाच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तेव्हा तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली.

पागडीला मात्र १९९९ च्या कायद्याने राजरोस मान्यता दिली. पूर्वी तो चोरीचा मामला होता. रोख पैसे, बंद खोली आणि तोंडी शब्द. आता मालक जागा देताना अधिमूल्य घेऊ शकतो आणि भाडेकरूलाही आपला हक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना मोबदला घेता येतो. व्यवहार झाला की त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देऊन नव्या माणसाच्या नावाने पावती करून घ्यायची, अशी रूढी आहे. जुन्या मालकाचे खरे उत्पन्न म्हणायचे ते हेच. भाडे हे निमित्त.

एका प्रकारच्या मालकांना मात्र खरोखर लॉटरी लागली. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना नव्या कायद्याचे संरक्षण नाही. फोर्ट किंवा चर्चगेटला ज्याची जागा बँकेकडे नाममात्र भाड्याने होती, तो बाजारभाव मागू शकला. शेजारच्याच इमारतीत ज्याचा भाडेकरू शिंपी किंवा छोटा छापखानेवाला होता, तो चार टक्क्यांवरच राहिला.

१९७३ ची धास्ती

आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. तिथला मालक म्हणजे बहुधा सेवानिवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घेतलेला एखादा शिक्षक, आखातात नोकरी करणारा मुलगा किंवा बंगळूरला बदली झालेले जोडपे. त्यांच्या मनात एकच भीती असते: भाडेकरू शिरला की निघत नाही.

ही भीती उगाच आलेली नाही. जुन्या कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालकांनी ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट शोधली होती. जागा भाड्याने दिलेली नाही, फक्त काही काळ वापरायला परवानगी दिली आहे, असा तो करार. सरकारला हे दिसत होते. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू कराराने जे राहत होते, ते रातोरात संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी विश्वासाने अकरा महिन्यांसाठी किल्ली दिली होती, त्यांच्यापैकी अनेकांना ती पुन्हा मिळालीच नाही. या तारखेने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला जो धडा दिला, तो पन्नास वर्षांनंतरही घराघरांत सांगितला जातो. ‘कुलूप लावून ठेव, पण भाड्याने देऊ नकोस.’

देशभर असेच घडले. २०११ च्या जनगणनेत शहरांमधली सुमारे एक कोटी दहा लाख घरे रिकामी आढळली. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात, कधी एकाच मजल्यावर. या कुलपांमागे १९७३ सारख्या आठवणींचा वाटा मोठा आहे.

वास्तविक १९९९ च्या कायद्याने हे चित्र पार बदलले आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणारा घर सोडत नसेल, तर मालकाला वर्षानुवर्षे लघुवाद न्यायालयात खेटे घालावे लागत नाहीत. राहत्या घरासाठी त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांचे दुप्पट शुल्क त्याच्यावर चढते. लेखी करार हाच तिथे निर्णायक पुरावा. सैन्यदलातल्या माणसाला स्वतः राहायला घर परत हवे असेल, तर त्याच्यासाठीही याच प्राधिकाऱ्याकडे खास तरतूद आहे.

मात्र एक अट आहे, आणि नेमकी तिथेच लोक चुकतात. करार नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज घरोघरी आहे. तो नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आला. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की भाड्याचा वा लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे!

समजा, मालक म्हणतो भाडे वीस हजार ठरले, मुदत अकरा महिने. राहणारा म्हणतो भाडे आठ हजार, मुदत काही ठरलीच नव्हती. मालकाच्या हातात फक्त नोटरीचा शिक्का असलेला स्टॅम्प पेपर. अशा वेळी त्या कागदाचा आधार फार लंगडा पडतो. आणि हे सारे कशासाठी, तर थोडे पैसे वाचवण्यासाठी. महिना वीस हजार भाडे आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर महाराष्ट्रात पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सहाशे रुपयांच्याही आत येते. नोंदणी फी शहरात एक हजार. आता तर घरी बसून संगणकावर अंगठा देऊन नोंदणी होते.

सोसायटीचा अडथळाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. घर भाड्याने दिले म्हणून काही सोसायट्या मनाला येईल ते शुल्क लावत. २००१ मध्ये राज्य सरकारने आदेश काढून हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवणे मात्र टाळू नये.

दिल्लीचा नमुना

‘आता देशभर नवा भाडे कायदा लागू, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही,’ असे निरोप मोबाइलवर अधूनमधून फिरतात. बंगळूरमध्ये दहा-दहा महिन्यांचे डिपॉझिट भरलेली मराठी मुले असा निरोप घरमालकाला दाखवतात आणि हिरमुसली होतात. यातले खरे किती?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी ‘आदर्श भाडेकरार अधिनियम’ मंजूर केला हे खरे. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांचे डिपॉझिट आहे. करार लेखी हवा आणि दोन महिन्यांत भाडे प्राधिकाऱ्याला कळवायला हवा. भाडे किती, ते दोघांनी ठरवायचे. सरकार त्यात पडणार नाही. मुदतीनंतर राहणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे द्यायचे. मालकाने पाणी-वीज तोडायची नाही आणि घर पाहायला यायचे तर चोवीस तास आधी कळवायचे. कायदा दोघांनाही मानवेल असा आहे. पण तो नमुना आहे. घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने, राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्याला जोर नाही. शिवाय तो पुढच्या करारांसाठी आहे, जुन्या भाडेकरूंना तो हात लावत नाही.

उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये नवा कायदा केला. तिथे राहत्या घराचे भाडे वर्षाला पाच टक्के आणि इतर जागांचे सात टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तमिळनाडूने त्याआधीच २०१७ चा कायदा करून तो २०१९ पासून लागू केला. गुजरातेत मात्र १९४७ चा जुना मुंबई कायदाच वेगळे राज्य झाल्यावरही कित्येक दशके चालत राहिला. दिल्लीची गोष्ट तर नमुनेदारच म्हणावी लागेल. संसदेने १९९५ मध्ये तिथल्यासाठी नवा भाडे कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. पण जुन्या बाजारपेठांतले व्यापारी खवळले आणि तो कायदा कधी लागूच केला गेला नाही. दिल्लीत अजून १९५८ चाच कायदा बघावा लागतो.

महाराष्ट्रात १९९९ चा कायदा कायम आहे. मोठ्या जागांना संरक्षणातून वगळण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये आला आणि विरोध होताच मागे पडला. चाळींतून मतेही असतात, हे कोणता पक्ष विसरेल?

गुंतवणूक करणाऱ्याने काय पाहावे

सोसायटीतला नवा फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणाऱ्याला आता कायद्याची फारशी भीती नाही. त्याची अडचण वेगळी आहे. एक कोटीचा फ्लॅट महिना पंचवीस हजारांनी गेला, तर वर्षाला तीन लाख म्हणजे तीन टक्के. त्यातून पालिकेचा कर, सोसायटीचा खर्च, रंगरंगोटी आणि घर रिकामे राहील ते महिने वजा करायचे. प्राप्तिकरात पालिकेचा कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यातून तीस टक्के सरसकट सूट मिळते, ती जमेची बाजू. राहत्या घराचे भाडे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवून जास्त खर्च वजा करण्याची वाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली. थोडक्यात, भाड्यावर पोट भरेल असे धरून कर्ज काढणाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन आधी बसावे. बँकेचा हप्ता भाड्याच्या दुपटीहून सहज वर जातो.

पागडीची खोली स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने आपण काय विकत घेतो आहोत हे नीट समजून घ्यावे. तो मालक होत नाही, भाडेकरू होतो. घर त्याच्या मालकीचे नसल्याने गृहकर्ज मिळणे कठीण जाते. मालकाच्या लेखी संमतीशिवाय आणि नव्या पावतीशिवाय पैसे देणे म्हणजे तर विहिरीत उडी घेणेच. सहा महिने विनाकारण खोली वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. म्हणून ‘पुढे पुनर्विकासात फ्लॅट मिळेल’ या हिशेबाने खोली घेऊन तिला कुलूप घालणारेही अडचणीत येतात.

याउलट भाडेकरूंसकट अख्खी जुनी इमारत विकत घेणारे असतात. कागदावर जमिनीची किंमत डोळे दिपवते. पण इमारतीबरोबर तिचे भाडेकरू आणि त्यांचे दोनशे ऐंशी रुपयेही येतात. शिवाय डोक्यावर टांगती तलवार असते ती म्हाडा कायद्याच्या ‘आठ-अ’ प्रकरणाची. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत संपादन करू शकते आणि मालकाला मिळतात मासिक भाड्याच्या शंभरपट! वीस खोल्यांच्या त्या चाळीचे पाच लाख साठ हजार. याविरुद्ध मालकांच्या संघटनेने १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. बत्तीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. मालकांना हायसे वाटले खरे, पण हा निकाल त्या घटनात्मक प्रश्नापुरता होता. ‘आठ-अ’ प्रकरण वैध की अवैध, हे त्या पीठाने ठरवले नाही.

दरम्यान २०२२ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. धोकादायक ठरलेल्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव मालकाने सहा महिन्यांत द्यायचा. त्याने दिला नाही तर रहिवाशांच्या संस्थेने पुढच्या सहा महिन्यांत. तिनेही नाही दिला, तर म्हाडाने इमारत ताब्यात घ्यायची. या नोटिसांवरूनही वाद न्यायालयात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये पागडीच्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी स्वतंत्र नियमावली आणण्याची घोषणा सरकारने विधिमंडळात केली आणि चाळींतून पुन्हा बैठका सुरू झाल्या.

अशा बैठकीत पहिला प्रश्न येतो तो पावती कुणाच्या नावावर आहे हा. आजोबांना जाऊन तीस वर्षे झालेली असतात. काकांचे कुटुंब डोंबिवलीला गेलेले, आत्या पुण्यात, खोलीत राहतो तो धाकटा नातू. कायदा म्हणतो, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू मानावा; तसा कुणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवावे, नाहीतर न्यायालयाने. मालकाच्या घरीही तीच तऱ्हा. चार भावांची नावे सातबाऱ्यासारखी मालमत्तापत्रकावर चढलेली, त्यातला एक अमेरिकेत, एक सही करायला तयार नाही. बिल्डरचा माणूस दोन्हीकडची नावे वहीत लिहून घेतो आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणून जातो. तोवर मेहताजी पहिल्या आठवड्यात जिना चढतो आणि आजोबांच्याच नावाने पावती फाडून देतो.